करंगळी

शाजीने पोस्टर आणलं, सात भाषांतलं.
सर्वांत वर ठळक अरबी,
खाली मल्याळम, बंगाली, उर्दू, नेपाळी, तेलुगू, हिंदी.
मराठी नव्हती.
"तुम्ही अकराच जण," शाजी म्हणाला, "आणि हिंदी येतेच की."
येते. पण स्वतःच्या मुताचा रंग
माणूस परक्या भाषेत नीट बघत नाही.

म्हणून सोहारच्या कॅम्पात, आठ खाटांच्या खोलीत,
फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून बसलो.
मी स्टोअरकीपर. अक्षर बरं आहे,
सिमेंटच्या पावत्यांवर घोटलेलं.

पहिल्या शब्दालाच अडलो.
मूत्र: दवाखान्यातल्या बाटलीवरचं.
लघवी: घरातलं, दाराआडून बोलायचं.
शाळेत आम्ही काहीच म्हणायचो नाही,
नुसती करंगळी वर,
आणि गोठणकर गुरुजी हातावरचा खडू झटकत म्हणायचे,
जा.

रंग काढले स्टोअरमधल्याच ऑइलपेंटने.
शहाळ्याचं पाणी, उत्तम.
भिजल्या मेथीचं पाणी, तांब्याभर प्या.
सुलेमानी चहा, हातातलं टाका, सावलीत या.
सळईवरून ओघळलेलं गंजाचं पाणी

इथे ब्रश थांबला.
मकबूल सरखोत. खेडचा. चौतीस वर्षांचा.
नवव्या मजल्यावर सळ्या बांधायचा
आणि पाणी प्यायचा हिशेबाने,
कारण संडास खाली गेटजवळ, एकच,
लिफ्ट यायला चार मिनिटं, जायला चार,
त्या तापलेल्या प्लास्टिकच्या खोलीपुढे रांग,
आणि फोरमन अर्धा तास कापायचा.
शंभर बैसाचं हिरवं थंड पेय,
त्यावर संध्याकाळ ढकलायची.
दुपारी साडेबारा ते साडेतीन कामबंदी असते, कायद्याने.
ऊन कायदा वाचत नाही.

कंपनीने त्याला तिकीट काढून दिलं, एकमार्गी.
आमच्याकडे म्हणतात,
अमका कापल्या करंगळीवर मुतायचा नाही.
मी समजायचो, बोलण्याची रीत आहे.

रात्री फोन लावला. "कसा आहेस?"
"मंगळवार, गुरुवार, शनवार," तो म्हणाला.
डायलिसिसचे वार. बाकीच्या वारांविषयी तो बोलत नाही.
पोस्टरचं सांगितलं.
बराच वेळ पलीकडून फक्त पंखा ऐकू आला.
"पानी प्यायचा, ह्या मना ठावं होता," तो म्हणाला.
"ज्याला ठावं नाय, त्याच्यासाठी लिव."

मग पुठ्ठा उलटा केला.
कोऱ्या बाजूवर एकच ओळ, वीतभर अक्षरांत:
करंगळी वर दिसली, तर माणूस सोडा.

शाजीने अर्थ विचारला. सांगितला.
तो जिन्याकडे बघून आला,
आणि खिशातली स्वतःची चिकटपट्टी दिली.

नवव्या मजल्यावर ती ओळ दोन दिवस टिकली.
तेवढ्यात धनकुट्याच्या तिलबिक्रमने ती वाचून काढली,
ओठ हलवत, अक्षर अक्षर.
लिपी त्याचीच, भाषा नाही.
"दाजू, म्हणजे काय?"
मी बोट वर करून दाखवलं. तो लाजून हसला.
त्याच्याही गावात शाळा आहे.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर
चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे चार तुकडे,
मधे उघडं काँक्रीट.
कोणी काढलं, कोणी विचारलं नाही.

आज सकाळी सव्वादहा.
समुद्राकडून वारा नाही, नुसती वाफ.
सळ्यांच्या जाळीतून एक हात वर आला,
हातमोजा काढलेला,
चार बोटं मिटलेली.

फोरमनने घड्याळ पाहिलं.
मग भिंतीवरचे ते चार तुकडे.
मी यादी हातात धरून उभा, नटबोल्ट मोजायचं सोडून.
करंगळी खाली आली नाही.
तिच्या शेजारी आणखी एक आली, मग बांगलादेशी एक.

लिफ्ट तेव्हा सातव्यावर होती.